वाचकांचे प्रश्न : हा कुत्रा कुणाचा?

या स्तंभाकडे एरवी गाईचे दूध आटले, मांजराचे केस गळतात, पोपट खात नाही अशा तक्रारी येतात. या वेळी मात्र निवडलेली पाचही पत्रे कुत्र्यांविषयीची आहेत, आणि त्यांपैकी चारांत औषधाचे नावही नाही. वाद आहे तो माणसांचा. पाचवे पत्र मी मुद्दाम शेवटी घेतले आहे, पण ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी ते आधी वाचले तरी चालेल.

प्रश्न : माझा मुलगा गेली सहा वर्षे बर्लिनला असतो. यंदा दिवाळीला घरी आला असता गल्लीतली कुत्री पाहून तो म्हणाला, ‘आपल्या लोकांना प्राण्यांची कदरच नाही, तिकडे रस्त्यावर एकही बेवारशी कुत्रा दिसत नाही.’ मी चाळीस वर्षे शेवटची पोळी दारातल्या कुत्र्याला घालत आले आहे. त्याचे बोलणे मनाला फार लागले. आपण खरेच इतके निर्दय आहोत का?
— एक निवृत्त शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : बाई, आपल्या चिरंजीवांनी पाहिले ते खरे आहे, पण काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. बर्लिनमध्ये कुत्रा पाळणाऱ्याला पहिल्या कुत्र्यासाठी वर्षाला १२० युरो आणि त्यापुढच्या प्रत्येकासाठी १८० युरो इतका कर भरावा लागतो; कुत्र्याने कुणाला इजा केली तर भरपाई देता यावी म्हणून विमा उतरवावा लागतो; आणि तांदळाच्या दाण्याएवढी चिप त्याच्या कातडीखाली बसवलेली असते, जिच्यावरून मालक कोण ते कळते. २००२ साली जर्मनीने प्राण्यांचे रक्षण हे थेट राज्यघटनेतच घातले. हे सारे कौतुकास्पद आहे, यात शंका नाही.

तथापि युरोपातले रस्ते केवळ मायेने मोकळे झाले, अशी आपली समजूत होऊ नये. ब्रिटनचे उदाहरण घेऊ. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा तिथला पहिला कायदा १८२२ चा. तो गुराढोरांपुरता आणि घोड्यांपुरता होता, कुत्रे त्यात १८३५ साली आले. दोन कायद्यांच्या मधल्या काळात, १८२४ साली, तिथे प्राणिदयेची संस्था निघाली. मात्र त्याच शतकात पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती पसरली की दिसेल तो मोकाट कुत्रा मारला जाई, आणि शतकाच्या अखेरीस कुत्र्यांना मुसके बांधण्याची सरकारी सक्ती झाली, तेव्हा लोकांनी बराच आरडाओरडा केला. १९०२ मध्ये ब्रिटनमधून रेबीज गेला, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परत आला आणि १९२२ मध्ये कायमचा गेला. मुसके, परवाना, पकडगाडी, दंड आणि मारणे, या सगळ्यांतून ती बाग तयार झाली आहे, जिच्यात आज लंडनकर आपला कुत्रा निवांत फिरवतो.

आता आपल्याकडचे. माळव्यात पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हे आपणास मी सांगायला नको. वैश्वदेवानंतर गाईचा घास, कावळ्याचा बळी आणि कुत्र्याचा वाटा काढून ठेवणारी घरे माझ्या लहानपणी सर्रास होती. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि काशीहून आणलेली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ, या गोष्टी ऐकत आपण वाढलो. आपल्या अहिल्याबाईंविषयी तर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे, की महेश्वरच्या परिसरात भर उन्हाळ्यात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला त्यांची माणसे फिरत असत, आणि पाखरांना बिनधास्त चरता यावे म्हणून त्यांनी उभी शेते विकत घेतली होती. दयेच्या बाबतीत आपण कुणाकडून धडे घ्यावेत, अशी स्थिती मुळीच नाही. ही दया नुसती पोथीतलीही नव्हती. ६ जून १८३२ रोजी मुंबईत कंपनी सरकारच्या माणसांनी मोकाट कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. दुकाने बंद झाली, कोटातला, म्हणजे फोर्ट भागातला, पुरवठा अडला. त्यांच्या धर्मात मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी आहे, त्यामुळे कुत्रा मारणे हा त्यांना सरळ आघात वाटला.

मग खोट कुठे आहे? ती मला पुस्तकातून नव्हे, माझ्या दवाखान्यातून कळली. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी काही वर्षे रामबागेजवळ बसत असे. तिथे एक तपकिरी कुत्री होती. समोरच्या वाड्यातल्या आजी तिला चंपी म्हणत, कोपऱ्यावरचा किराणावाला रानी म्हणे, आणि शाळेची मुले ब्राउनी. तीन नावे, तीन वाडगी, आणि सकाळी पोह्यांच्या गाडीमागे मिळे ते वेगळे. पावसाळ्यात तिच्या कानामागे जखम झाली आणि तिच्यात अळ्या पडल्या. चार दिवस तीन घरांच्या माणसांनी ‘अरेरे’ म्हटले. पाचव्या दिवशी पोहेवाल्याचा नोकर, पंधरा-सोळा वर्षांचा असेल, तिला पोत्यात गुंडाळून घेऊन आला. मी टर्पेंटाईनचे थेंब टाकून चिमट्याने एकेक अळी काढत होतो आणि तो तिचे तोंड धरून होता. नंतर नोंदवहीत ‘मालकाचे नाव’ या रकान्याशी माझा कंपाउंडर अडला. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘रामबाग लिहा.’

बाई, बर्लिनमध्ये आणि राजेंद्रनगरात फरक आहे तो या रकान्याचा. तिथे कुत्र्याला एक मालक असतो आणि तो जबाबदार धरला जातो. इथे कुत्र्याला सबंध गल्ली असते, जी त्याला जेवू घालते, पण लस टोचायची वेळ आली की ती गल्ली कुणाच्याच दारात सापडत नाही. आपला मुलगा ज्याला निर्दयता म्हणतो ती ही आहे. पोळी थांबवू नका. ज्या कुत्र्याला ती घालता, त्याला वर्षातून एकदा रेबीजची लस आणि एकदाच नसबंदी एवढे आपल्या नावावर घ्या, आणि पुढच्या दिवाळीला मुलाला त्याचा टोक कापलेला कान दाखवा. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती खूण असते.

प्रश्न : मी एका बहुमजली संकुलाच्या समितीचा सचिव आहे. काही सभासद वाहनतळात कुत्र्यांना खायला घालतात, काही सभासदांना त्याची भीती वाटते. आम्ही खायला घालणाऱ्यांना दंड लावण्याचा ठराव केला आहे. तसेच पाळीव कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी करायची आहे. हे कायद्यात बसेल का? शिवाय असेही ऐकले, की सर्वोच्च न्यायालयाने सगळी कुत्री उचलायला सांगितली आहेत.
— निपानिया, इंदूर

उत्तर : सचिव महोदय, दोन्ही ठराव अडचणीत येतील, असे मला वाटते. पाळीव कुत्र्याला संकुलात किंवा लिफ्टमध्ये सरसकट बंदी करता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच परिपत्रक काढून सांगितले आहे. हे मंडळ ज्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यामुळे अस्तित्वात आले, त्या कायद्यासाठी राज्यसभेत झटल्या त्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल, आणि मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. तो कायदा चांगला असला तरी त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे आणि इतक्या वर्षांत तो वाढलेला नाही. आजकाल तेवढ्यात जिलेबीसुद्धा पोटभर मिळत नाही.

खायला घालण्याविषयी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत स्पष्ट तरतूद आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना हे नियम बेवारशी म्हणत नाहीत, ‘सामुदायिक प्राणी’ म्हणतात, आणि त्यांच्या खाण्याची जागा व वेळ ठरवण्याचे काम रहिवाशांच्या समितीवर टाकतात. ती जागा जिन्याजवळ, प्रवेशद्वाराशी, मुलांच्या खेळण्याच्या किंवा ज्येष्ठांच्या बसण्याच्या ठिकाणी नसावी, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे आपल्या संकुलातले घाबरणारे सभासदही बरोबर आहेत आणि खायला घालणारेही. चुकले आहे ते वाहनतळ. दंडाचा ठराव मागे घ्या आणि मागच्या कुंपणालगत एक कोपरा ठरवा.

न्यायालयाविषयी आपण ऐकले ते अर्धे आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश झाला होता. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून पकडला तिथेच सोडावा, मात्र पिसाळलेला किंवा आक्रमक असेल तर सोडू नये, आणि वाटेल त्या रस्त्यावर खायला न घालता नेमलेल्या जागीच घालावे. पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांसाठी न्यायालयाने निराळी, कडक भूमिका घेतली. आपले संकुल यांत मोडत नाही.

‘तिथेच परत का सोडायचा?’ हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा स्वर बहुधा चढलेला असतो. कुत्रा आपला इलाका राखतो. एका गल्लीतली चार कुत्री उचलली तर तिथले खाणे काही उचलले जात नाही. शेजारच्या गल्लीतली चार, ज्यांना लस टोचलेली नाही आणि ज्यांची ओळखही नाही, ती त्या जागेवर येतात, आणि वर्षाला दोनदा पिल्ले होतात. नसबंदी झालेली जुनी कुत्री तिथे असली तर ती नव्यांना आत येऊ देत नाहीत. भूतानने हा उद्योग चौदा वर्षे नेटाने केला आणि २०२३ मध्ये देशातल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे दोन महिने मोहीम चालते, मग गाडी बिघडते, मग निवडणूक येते. इंदुरात तर आणखी एक गोष्ट झाली आहे : कचराकुंड्या गेल्या, गाडी दारात येऊ लागली, आणि उकिरड्यावर जगणारी कुत्री आता सर्वस्वी दारांवर अवलंबून आहेत. शहर स्वच्छ झाले हे उत्तमच झाले, पण ज्यांचे ताट आपण उचलले त्यांची गणती कुणी केली नाही.

प्रश्न : मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला हस्की पाळायचा आहे. घरचे नाही म्हणतात.
— एक विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : घरचे बरोबर म्हणतात. बर्फात गाडी ओढण्यासाठी सैबेरियात तयार झालेल्या त्या कुत्र्याच्या अंगावर दुहेरी लोकर असते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. त्याला दिवसभर वातानुकूलित खोलीत कोंडणे म्हणजे पाळणे नव्हे. कुत्राच हवा असेल तर आपल्या गल्लीतले एक पिल्लू घ्या. ते फुकट मिळते, ऊन सोसते आणि भुकेला पोळीही खाते. रुबाबच हवा असेल तर मुधोळचे शिकारी कुत्रे पाहा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली आणि भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिच्यावर तिकीटही काढले. मात्र तिला धावायला मैदान लागते, गच्ची नव्हे.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठांच्या चर्चामंडळात विषय निघाला. कोरियात कुत्री खातात, मुसलमान कुत्र्याला शिवत नाहीत, आणि आपल्याकडे धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. यावरून आपली संस्कृती प्राण्यांच्या बाबतीत श्रेष्ठ ठरते, असे मी मांडले. आपले मत कळवावे.
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आजोबा, धर्मराजाची कथा आपण सांगितली, पण स्वर्गाच्या दाराशी उभा असलेला इंद्र तेवढा गाळलात. कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही, असे त्याला सांगणारा इंद्र हाही आपल्याच संस्कृतीतला आहे, आणि व्यवहारात आपण बहुधा त्याच्याच बाजूने उभे राहिलो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, भैरवाचे वाहनही कुत्रा. पण ‘कुत्र्याच्या मौतीने मेला’ ही आपली शिवी आहे आणि कुत्र्याने तोंड लावलेले अन्न टाकून देणे ही आपली रीत. ‘श्वपच’ हा शब्द आठवा. कुत्रे शिजवून खाणारा असा त्याचा अर्थ, आणि तो चिकटवून आपण माणसांच्या सबंध जातींना वेशीबाहेर ठेवले. एवढे घरात असताना श्रेष्ठत्वाचा निवाडा मी तरी देणार नाही.

मुसलमानांविषयी आपला समज अर्धवट आहे. कुत्र्याची लाळ अपवित्र मानणारे पंथ त्यांच्यात आहेत आणि तिने विटाळलेले भांडे सात वेळा धुण्याची शिकवण आहे. परंतु तहानेने व्याकूळ कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या पायताणात भरून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची पापे माफ झाली, ही कथाही हदीसमधलीच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातली. गुहेत झोपी गेलेल्या भक्तांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा कुराणात आहे. इस्तंबूलचे लोक शतकानुशतके गल्लीतल्या कुत्र्यांना पोसत आले. ती कुत्री घरात घेत नसत, पण उपाशीही ठेवत नसत, म्हणजे अगदी आपल्यासारखेच. त्यांच्यावर घाला आला तो १९१० साली, शहर युरोपासारखे दिसावे अशी हौस असलेल्या सत्ताधाऱ्यांकडून. हजारो कुत्री होड्यांत भरून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडली आणि ती तिथे भुकेने मेली. २००४ मध्ये तुर्कस्तानने नसबंदी करून परत सोडण्याचा कायदा केला आणि २०२४ मध्ये तो बदलून कुत्री निवाऱ्यांत नेण्याचे ठरवले. त्यावरून तिथे झालेली भांडणे ऐकली तर आपण निपानियाच्याच सभेत बसलो आहोत, असे वाटेल.

कोरियाची बातमी आपल्या मंडळापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. दक्षिण कोरियाच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये कुत्र्याच्या मांसाचा धंदा बंद करणारा कायदा केला. व्यावसायिकांना तीन वर्षांची मुदत असून २०२७ पासून शिक्षा सुरू होते. तिथली तरुण पिढी घरात कुत्रे पाळू लागली आणि ताटातले कुत्रे तिला चालेनासे झाले. आपल्याकडे नागालँड सरकारने २०२० मध्ये अशी बंदी घातली होती, ती २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. बोकड खाणाऱ्याने कुत्रे खाणाऱ्याला हिणवावे की नाही, यावर मी काही बोलणार नाही, कारण बोकडही माझेच रुग्ण. पशुवैद्य म्हणून मी एवढेच पाहतो, की जनावर कसे ठेवले, कसे नेले आणि कसे मारले. आणि त्या कसोटीला आपल्या शहरांतले कोंबड्यांचे पिंजरेसुद्धा उतरत नाहीत.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या नातीला गल्लीतल्या पिल्लाने खेळता खेळता हाताला ओरखडले. रक्त आले नाही. शेजारणीने मिरचीपूड लावायला सांगितली, ती लावली. पिल्लू दोन महिन्यांचे आहे, त्यामुळे लस नको, असे सगळे म्हणतात. आपण काय म्हणता?
— एक आजी, मल्हारगंज, इंदूर

उत्तर : आजी, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबता येणार नव्हते, म्हणून आपल्याला मी दूरध्वनीवरही कळवले आहे. इतरांसाठी येथे लिहितो. मिरची, हळद, चुना, तेल यांतले काहीही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो आणि निम्मे काम तिथेच होते. कातडीवर ओरखडा उठला असेल तर रक्त आले नसले तरी लस घ्यावीच लागते, आणि रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. पिल्लू लहान आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही. उलट त्या वयात त्याला लस टोचलेली नसते. सरकारी रुग्णालयात लस विनामूल्य मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायचा काळ केव्हाच गेला. आता दंडात, पहिल्या दिवशी, त्यानंतर तीन दिवसांनी, सात दिवसांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या दिवशी. एकही दिवस चुकवू नये, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगाला उपाय नाही.

पिल्लाला कुणी मारू नये आणि दूर नेऊन सोडूही नये. त्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा आणि खायला घालत राहा. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल तर नातीच्या उरलेल्या इंजेक्शनांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. पण पिल्लूच दिसेनासे झाले तर त्यांना ते ठरवता येणार नाही.